फाळक्यावरची पंगत आणि भाड्याची बस

मालट्रकच्या मागच्या बाजूला बिजागरीवर उघडणारी जी फळी असते, तिला आपल्याकडे फाळका म्हणतात. बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उतरवायच्या तर हमाल आधी फाळका पाडतात. आषाढीच्या वारीत दिंडीच्या पुढं शिधा घेऊन जो ट्रक धावत असतो, त्याचाही फाळका मुक्कामाच्या जागी खाली येतो, आणि मग त्याच फळीवर पिठाचे डबे, भाजीची पातेली, चहाची किटली मांडली जाते. अमेरिकेत या फाळक्याला टेलगेट म्हणतात. मैदानावर सामना असला की लोक मैदानाबाहेरच्या गाडीतळावर काही तास आधीच पोचतात, गाडीचा फाळका पाडतात, त्यावर खाण्यापिण्याचं मांडतात आणि सामना सुरू होईपर्यंत तिथंच जेवतात, गातात, खेळतात. या प्रकाराला टेलगेट किंवा टेलगेटिंग असं नाव पडलं. वस्तूचं नाव सणाला मिळालं. भाषेत असं घडतं. आपण ‘ताटावर बसलो’ म्हणतो तेव्हा ताटावर कुणी बसलेलं नसतं.

आज मी आपल्याशी या टेलगेटविषयी आणि त्यासाठी भाड्यानं घेतल्या जाणाऱ्या ‘पार्टी बस’विषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसानं बसभाड्यावर का बोलावं, असं आपल्याला वाटेल. कारण साधं आहे. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातलंही एखादं पोर शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत असतं. शनिवारी फोन करून ते सांगतं, ‘आम्ही मित्रमंडळी मॅचला चाललोय, पार्टी बस केलीय.’ इकडे आईवडिलांना यातलं अर्धंमुर्धं कळतं. पार्टी म्हटल्यावर एकाला काळजी वाटते, बस म्हटल्यावर दुसऱ्याला हायसं वाटतं. दोघांचंही थोडं बरोबर असतं. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेतलेली बरी.

प्रथम खेळाविषयी. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या गल्लीतला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचा, आणि समोरच्यानं अंगावर धावून जाऊन अडवायचं, असा तो खेळ. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार भाग. कागदावर साठ मिनिटांचा खेळ, पण थांबत थांबत तो तीन तासांहून अधिक चालतो. महाविद्यालयांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला असं मानतात. रटगर्सनं तो ६-४ असा जिंकला. तेव्हापासून विद्यापीठांचे सामने हा तिथल्या जीवनाचा भाग झाला. विद्यापीठांचे सामने बहुतेक शनिवारी, व्यावसायिक संघांचे बहुतेक रविवारी. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून किंवा सप्टेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत.

माणसं किती जमतात, याचा अंदाज आपल्याला चटकन येणार नाही. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथल्या विद्यापीठाचं मैदान १९२७ साली सुरू झालं आणि त्याची आसनक्षमता आज १,०७,६०१ आहे. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावात जवळजवळ दुसरं गाव येऊन उतरतं. विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे हे असंच लाखभर वस्तीचं गाव, आणि त्याच्या मैदानात ऐंशी हजारांहून अधिक माणसं बसतात. एवढी माणसं एका वेळी आली तर रस्ते तुंबणार. तेव्हा लोक लवकर येऊ लागले. लवकर आले म्हणून भूक लागली, भूक लागली म्हणून शिधा आला. टेलगेटचं मूळ शोधणारे अनेक कथा सांगतात. कुणी १८६१ सालच्या बुल रनच्या लढाईकडे बोट दाखवतात. त्या लढाईला वॉशिंग्टनहून नागरिक खाण्याच्या टोपल्या घेऊन बघे म्हणून गेले होते. कुणी ग्रीन बेच्या शेतकऱ्यांचं नाव घेतात, जे ट्रक मैदानाच्या कडेला मागं वळवून लावायचे आणि फाळक्यावर बसून खेळ पाहायचे. पहिला मान कुणाचा हा वाद तिथं चालूच असतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. गाडी, गर्दी आणि भूक या तीन गोष्टी एकत्र आल्यावर हे कुठंतरी घडणारच होतं.

मिरज-सांगलीकडच्या माणसाला हे पाहून उरूस आठवल्याशिवाय राहत नाही. उरुसाला आलेल्या बैलगाड्यांचं जू खाली टेकवलं की शेजारीच तीन दगडांची चूल मांडली जायची. शेजारच्या गाडीतली बाई मीठ मागायला यायची आणि जाताना कालवणाची वाटी देऊन जायची. टेलगेटचा जीव याच देवघेवीत आहे. गाव बदललं की ताट बदलतं. ग्रीन बेला जर्मन पद्धतीचे सॉसेज भाजतात. कॅन्सस सिटीला लाकडाच्या धुरावर तासन् तास शिजवलेलं मांस असतं. लुइझियानात बॅटन रूजला मोठ्या पातेल्यात गंबो आणि जंबालाया रटरटत असतात. मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात ‘द ग्रोव्ह’ नावाची झाडांची दहा एकरांची जागा आहे, तिथं लोक तंबूत झुंबरं टांगून, टेबलावर कापड अंथरून जेवतात. टेनेसी विद्यापीठाचं मैदान नदीकाठी असल्यानं तिथं लोक बोटीतून येतात आणि धक्क्यालाच पंगत मांडतात. साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया गावी तर मैदानाशेजारच्या जुन्या रुळांवर मालगाडीचे गार्डाचे डबे कायमचे उभे करून लोकांनी ते सजवले आहेत. सामन्याच्या दिवशी डब्यात बिऱ्हाड थाटायचं आणि खेळ पाहायला चालत जायचं.

जेवणाबरोबर खेळही असतात. सगळ्यांत लोकप्रिय कॉर्नहोल. चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी उतरती फळी, तिच्या वरच्या बाजूला सहा इंचांचं भोक. सत्तावीस फुटांवर समोरासमोर अशा दोन फळ्या ठेवायच्या आणि धान्य भरलेल्या छोट्या पिशव्या फेकायच्या. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. पाच वर्षांच्या पोरापासून माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसापर्यंत कुणालाही जमतो. उंच काठीला बांधलेले झेंडे जागोजाग फडकत असतात. ते शोभेचे असतात आणि कामाचेही, कारण हजारो गाड्यांत आपली टोळी शोधायला त्याहून सोपी खूण नाही.

आता यातली अवघड बाजू. या पंगतीत दारू असते, बहुतेक ठिकाणी भरपूर असते. सकाळी आठला सुरू झालेली बाटली दुपारच्या सामन्यापर्यंत चालते, कधी सामन्यानंतरही. आणि प्रत्येक जण मोटारीनं आलेला असतो. अमेरिकेत मोटारीशिवाय हलता येत नाही अशी गावं बहुसंख्य आहेत. सामना सुटल्यावर ती मोटार कुणीतरी चालवायची असते. २०२३ साली त्या देशात दारू पिऊन चालवलेल्या वाहनांच्या अपघातांत बारा हजार चारशेहून अधिक माणसं मेली. रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी हे जवळपास तीस टक्के होतात. कायदा कडक आहे. रक्तात ०.०८ टक्के मद्यांश सापडला की जवळजवळ सगळ्या राज्यांत गुन्हा, युटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ०.०५ टक्क्यालाच. एकवीस वर्षांखालच्या मुलांना दारू विकत घेता येत नाही. तरीही माणसं मरतात. तेव्हा शहाण्या लोकांनी विचार केला की सगळ्यांनी मिळून एक बस करावी, चालक वेगळा असावा आणि आपण कुणीच चाक हातात धरू नये. पार्टी बसला खरं वजन आलं ते या विचारामुळं.

पार्टी बस म्हणजे काय? बहुधा मिनीबसचा सांगाडा असतो. पंधरा ते चाळीस माणसं मावतात. आतल्या रांगा काढून टाकून दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून लांबट बाकं बसवलेली असतात, म्हणजे सगळे एकमेकांसमोर बसतात. छतात रंगीत दिवे, मोठा आवाज देणारे ध्वनिवर्धक, बर्फाची पेटी, काही गाड्यांत छोटं स्वच्छतागृह. वातानुकूलन किंवा हिवाळ्यात ऊब. सामन्याच्या दिवशी संघाच्या रंगांची तोरणं लावतात. भाडं तासावर ठरतं आणि किमान तास ठरलेले असतात, चार, पाच किंवा सहा. त्याहून कमी वेळ वापरली तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात.

हिशेब कसा होतो, तो एका उदाहरणानं सांगतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा सामना दुपारी बाराला आहे. सकाळी सातला निघायचं, साडेतीनला सामना सुटायचा, गर्दीतून बाहेर पडून घरी पोचायला पाच. हे दहा तास झाले. तासाला दोनशे डॉलर धरले तर दोन हजार. चालकाची बक्षिसी पंधरा ते वीस टक्के द्यायची रीत आहे, ती वीस टक्क्यांनी चारशे. मैदानाच्या तळावर बस लावण्याचा परवाना शंभर. एकूण अडीच हजार. पंचवीस माणसं असतील तर माणशी शंभर डॉलर. आयत्या वेळी पाच जण गळाले तर उरलेल्या वीस जणांवर सव्वाशे पडतात. म्हणून पैसे आधी गोळा करायचे आणि मगच विसार द्यायचा. या भांडणात जुन्या मैत्र्या तुटलेल्या असतात. शिवाय सामन्याचं तिकीट यात धरलेलं नाही, ते वेगळं.

ठरवताना काही गोष्टी विचाराव्या लागतात. तास कुठून मोजणार, आपल्या दारापासून की बसच्या आगारापासून? हा एक प्रश्न शेकडो डॉलरांचा असतो. इंधनाचा अधिभार वेगळा आहे का? जादा तासाचा दर काय? गाडी खराब केली तर सफाईचे किती? बस दिवसभर तळावर उभी राहणार की आपल्याला सोडून परत न्यायला येणार? सोडून गेली तर भाडं कमी पडतं, पण मग खाणं, कोट, थकलेली म्हातारी माणसं यांना दिवसभर आसरा राहत नाही. बसचा परवाना मोटारीच्या परवान्याहून वेगळा आणि महाग असतो, बहुधा आगाऊ घ्यावा लागतो, आणि काही तळांवर बसला प्रवेशच नसतो. शेगडीचाही प्रश्न आहे. बहुतेक बसवाले गॅसची टाकी किंवा कोळशाची शेगडी माणसांच्या गाडीत नेऊ देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. मग एखादा न पिणारा मित्र आपल्या गाडीतून शेगडी घेऊन आधी पुढं जातो.

आणखी एक बारकावा, जो परक्या माणसाला ठाऊक नसतो. सामन्यांच्या तारखा महिनोन् महिने आधी जाहीर होतात, पण विद्यापीठांच्या अनेक सामन्यांची वेळ दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या सोयीनं ठरते आणि ती कधी बारा दिवस, कधी सहाच दिवस आधी कळते. बारा वाजताचा सामना संध्याकाळी साडेसातला जाऊ शकतो. बस तर त्याच्या कितीतरी आधी ठरवावी लागते. तेव्हा वेळ बदलली तर जादा आकार न लावता बस त्या वेळेला मिळेल, असं करारात लिहून घ्यावं लागतं. तोंडी ‘हो हो’ला तिथंही काही किंमत नाही.

हे सगळं झालं पैशांचं. खरा प्रश्न पुढं आहे.

६ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी या छोट्या गावाजवळ एक लांब केलेली लिमोझिन उतारावरून सुसाट खाली आली, चौक ओलांडून एका दुकानाच्या गाडीतळात घुसली आणि कोसळली. गाडीतले सतरा प्रवासी, चालक आणि तळावर उभी असलेली दोन माणसं, असे वीस जण मेले. वाढदिवसासाठी निघालेली ती तरुण मंडळी होती, त्यांत सख्ख्या बहिणी होत्या, नवी जोडपी होती. बिअर बनवणाऱ्या ठिकाणी जायचं होतं आणि पिऊन गाडी चालवायची नाही म्हणून त्यांनी गाडी भाड्यानं घेतली होती. म्हणजे जे करायला सगळे सांगतात, तेच त्यांनी केलं होतं. पुढं चौकशीत निघालं की ती २००१ सालची गाडी मधोमध कापून लांब केलेली होती, ब्रेक निकामी होते, महिनाभर आधीच तपासणीत ती रस्त्यावर आणायला अयोग्य ठरली होती आणि चालकाकडे तेवढी माणसं नेण्याचा योग्य परवाना नव्हता. गाडी चालवणाऱ्या व्यवसायाचा कारभार पाहणाऱ्याला २०२३ साली मनुष्यवधाच्या गुन्ह्यात पाच ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं कागदावर उपलब्ध होतं. गाडीत बसणाऱ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून भाड्याच्या गाडीचे कागद पाहणं हा वेळकाढूपणा नाही. कायद्यानं प्रवाशाच्या हाती काही साधनं दिली आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसला केंद्रीय वाहतूक खात्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि तो गाडीच्या बाजूवर रंगवलेला असतो. तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की तपासण्यांत काय आढळलं, अपघात झाले का, व्यवसायाला परवानगी आहे का, हे फुकट दिसतं. राज्यांतर्गत गाड्यांना त्या त्या राज्याचे नियम असतात. चालक धरून सोळा किंवा अधिक माणसांची गाडी असेल तर चालकाकडे व्यावसायिक परवाना आणि त्यावर प्रवासी वाहतुकीची खास नोंद लागते. आंतरराज्य वाहतुकीत अशा मोठ्या गाडीला किमान पन्नास लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे, पंधरा किंवा त्याहून कमी आसनांच्या गाडीला पंधरा लाखांचा. चालकाच्या तासांनाही मर्यादा आहे. सलग आठ तास विश्रांती घेतल्यावर दहा तासांपर्यंत गाडी चालवता येते आणि कामावर येऊन पंधरा तास झाल्यावर चाक धरता येत नाही. सकाळी सहाला आलेल्या चालकाला रात्री अकराला ‘अजून एक चक्कर मार’ म्हणणारा प्रवासी स्वतःच्याच जिवाशी खेळत असतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी मिशिगनला भाच्याकडे होतो. त्याच्या कंपनीतली माणसं आणि शेजारी अशा वीसेक जणांनी ॲन आर्बरच्या सामन्यासाठी बस ठरवायचं काढलं. दोन ठिकाणचे दर आले. एकाचा दर तिसरा हिस्सा कमी. भाचा म्हणाला, ‘मामू, मुलं सगळी स्वस्ताकडे झुकलीत.’ त्या मंडळींत एक नागपूरकडच्या बाई होत्या, हिशेबाचं काम करणाऱ्या. त्यांनी फोन उचलला आणि स्वस्तवाल्याला तीन गोष्टी विचारल्या. क्रमांक काय, विम्याचा दाखला पाठवाल का, आणि जी गाडी दाखवताय तीच येणार का. पलीकडून उत्तर आलं, ‘एवढी चौकशी करणारी गिऱ्हाइकं आम्हाला नकोत.’ बाईंनी शांतपणे फोन ठेवला आणि म्हणाल्या, ‘बरं झालं, त्यानंच सांगितलं.’ दोघाचौघांनी कुरकुर केली. एका तरुणानं अंग काढून घेतलं, त्याच्या वाट्याचे पैसे बाकीच्यांवर पडले. दुसऱ्या व्यवसायानं कागद अर्ध्या तासात पाठवले होते. त्यांचीच बस ठरली.

मी दारू पीत नाही आणि डुकराचं मांस खात नाही. अशा माणसाचं या पंगतीत काय काम, असं मलाही कुणी कुणी विचारलं. पण मिशिगनमध्ये त्याची सोय सोपी आहे. तासाभराच्या आत डिअरबॉर्न हे गाव आहे, तिथं अरब मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि हलाल मांसाची दुकानं रांगेनं आहेत. सूनबाईनं आदल्या रात्री खिमा मळून ठेवला होता. शेगडीवर एका बाजूला आमचे कबाब, मधे पत्र्याची आडवी पट्टी, दुसऱ्या बाजूला इतरांचे सॉसेज. नागपूरच्या बाई शाकाहारी, त्यांनी भाजणीचं थालीपीठ आणलं होतं. शेजारच्या तळावरचा पांढऱ्या मिश्यांचा एक गोरा गृहस्थ वास घेत आला, कबाब खाऊन गेला आणि परत येताना मक्याची भाजलेली कणसं घेऊन आला. मी त्याला थर्मासमधला चहा दिला. तो म्हणाला, गेली तीस वर्षं तो याच झाडाखाली गाडी लावतो. त्याच्या वडिलांनी ती जागा धरलेली. आमच्या उरुसातही अशा जागा पिढ्यान् पिढ्या चालत येतात, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फार पटलं. त्या दिवशी मिशिगननं इंडियानाला ५२-७ असं हरवलं. खेळातलं मला थोडंच कळलं, पण लाख माणसांनी एकदम श्वास रोखलेला ऐकणं ही कवीला मिळालेली देणगीच होती.

बसमधल्या वागण्याचेही काही नियम आहेत आणि ते माहीत असणं घरच्यांनाही उपयोगाचं आहे. चालत्या मोटारीत उघडी बाटली बाळगणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे, पण भाड्याच्या प्रवासी गाडीतल्या उतारूंना, चालकाला सोडून, अनेक राज्यांत त्यातून सूट असते. राज्य कोणतं ते आधी पाहावं. सूट असली तरी एकवीस वर्षांखालच्यांना ती लागू नाही. चालत्या बसमध्ये उभं राहून नाचणं दिसायला मजेचं, पण अशा गाड्यांत पडून आणि दार उघडून खाली गेल्यानं माणसं मेलेली आहेत. आत शिरल्यावर दाराची कडी, आपत्कालीन खिडकी आणि अग्निशामक नळकांडं कुठं आहे, हे सगळ्यांना दाखवून घ्यावं. सीटबेल्ट असेल तर लावावा. मोठ्या मैदानांवर पिशव्यांचेही नियम आहेत. व्यावसायिक संघांच्या मैदानांत २०१३ पासून पारदर्शक पिशवीच चालते, म्हणून पर्स आणि दप्तरं बसमध्ये ठेवावी लागतात. आणि लाखभर माणसं एका जागी जमली की मोबाइल चालेनासा होतो. तेव्हा बसचा क्रमांक, उभी केलेली जागा आणि परत जमायची वेळ प्रत्येकानं कागदावर लिहून खिशात ठेवावी.

सगळ्यांत धोक्याचा भाग शेवटचा आहे. बस सगळ्यांना जिथून उचलते तिथंच परत सोडते. तिथं प्रत्येकाची मोटार उभी असते. दिवसभर बसनं सांभाळलेला माणूस शेवटचे पाच मैल स्वतः गाडी हाकत घरी जातो. कॅलिफोर्नियात २०१० साली एकोणीस वर्षांचा एक मुलगा असाच पार्टी बसमध्ये प्यायला, बसनं त्याला सुखरूप परत आणलं आणि त्यानंतर स्वतःच्या गाडीत तो गेला. त्याच्या आईनं पाठपुरावा केला आणि २०१३ पासून तिथं कायदा झाला. बसमध्ये दारू आणि एकवीस वर्षांखालची मुलं दोन्ही असतील तर पंचवीस वर्षांवरच्या जबाबदार व्यक्तीनं बरोबर असलंच पाहिजे. आमच्या बाईंनी याचा उपाय साधा केला होता. बस प्रत्येकाच्या घराजवळून जाईल असा रस्ता ठरवला, अर्धा तास जादा दिला आणि कुणालाही आपली गाडी जमायच्या जागी आणू दिली नाही.

हे सगळं दूरदेशीचं आहे म्हणून ऐकून सोडून देण्यासारखं नाही. आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड निघतं तेव्हा आपणही गाडीच ठरवतो. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेता येते. त्यात गाडी, चालक आणि किलोमीटरचा हिशेब कागदावर असतो. पण चार पैसे वाचतात म्हणून मालाच्या टेम्पोत, फाळका लावून, पन्नास माणसं उभी करून वऱ्हाड नेणारेही आपल्यात आहेत. घाटातल्या वळणावर उलटलेल्या अशा टेम्पोच्या बातम्या लग्नसराईत आपण वर्तमानपत्रात वाचतो. नवरदेवाच्या फेट्याला किती खर्च झाला हे आपण सांगतो. टेम्पोचा चालक रात्रभर जागा होता का, हे विचारायला मात्र संकोचतो. त्यानं राग धरला तर, वऱ्हाडाला उशीर झाला तर, असं वाटतं.

तेव्हा आपलं पोर फोनवर ‘बस केलीय’ म्हणालं की पार्टी या शब्दावर वाद घालत बसू नका. त्याला इतकंच विचारा: गाडीचा क्रमांक तपासलास का? चालकाचा परवाना त्या आकाराच्या गाडीचा आहे का? विम्याचा कागद हातात आला का? आणि रात्री बस तुला घराच्या दाराशी सोडणार की तुझ्या मोटारीशी? चारही उत्तरं मिळाली तर त्याला खुशाल जाऊ द्या, कबाबाची कृती हवी असेल तर तीही सांगा. आणि पुढच्या लग्नसराईत वऱ्हाडाची गाडी ठरवायला आपण स्वतः जाल, तेव्हा हेच प्रश्न तिथल्या मालकालाही विचारा.